रिकामं सॉकेट

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. धाकट्या काकांनी जे सांगितलं आणि त्यांच्या मुलीने जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच लिहितोय.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारची भर दुपार होती. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

काकू जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

काकू घरी बसून टायपिंग करायच्या. डॉक्टर लोक पेशंटबद्दलचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवायचे. काकू हेडफोन लावून ते ऐकायच्या आणि टाइप करायच्या. टेबलाखाली पायाने दाबायचं एक पेडल होतं. दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, सोडलं की बंद. दोन ओळी टाइप, मग टक. पुन्हा दोन ओळी, पुन्हा टक. वर्षानुवर्षं त्या घराचा तोच ठेका होता. काका शेजारच्या खोलीत त्या आवाजावर खुशाल घोरायचे.

काकू गेल्या आणि काकांचा दगड झाला. रडले नाहीत, चिडले नाहीत. पुढ्यात येईल ते जेवायचे. विचारलं तर तेवढंच बोलायचे.

काकूंचा कॉम्प्युटर ताईकडे आला. ताई म्हणजे त्यांची मुलगी, माझी चुलत बहीण. घरांच्या अंतर्गत सजावटीच्या कोर्सचं तिचं शेवटचं वर्ष होतं. पडद्यावर खोलीचं चित्र जरा फिरवायला गेली की कॉम्प्युटर मान टाकायचा.

“बाबा, यावर माझं प्रोजेक्ट होणार नाही. आणि प्रोजेक्ट नाही झालं तर माझं वर्ष गेलं.”

नवा घ्यायची ऐपत नव्हती. कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याने तोडगा सुचवला.

“आतला मदरबोर्ड चांगला आहे काका, फेकू नका. त्यालाच चालेल असा जास्त दमाचा प्रोसेसर आहे माझ्याकडे. वापरलेला, पण ठणठणीत. घरीच बसवा, मजुरी वाचेल. फक्त एक करा. आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवा. प्रोसेसरवर पंखा पेस्ट लावून बसवलेला असतो. ती वाळून घट्ट झाली असणार, तापली की सुटते. मग बंद करा, वायर काढा आणि पंखा हळूहळू पिळून उचला.”

काकांनी मान डोलावली. ऐकलं किती, देव जाणे.

त्या दुपारी ताई मैत्रिणीकडे गेली होती. काकांनी कॅबिनेटचं झाकण काढून कॉम्प्युटर सुरू केला. सुरू झाला की काकूंचं टायपिंगचं कोरं पान आपोआप उघडायचं. ताईने ते अजून बदललं नव्हतं. काका पानाकडे बघत, पेस्ट तापायची वाट पाहत बसले.

बराच वेळ गेला.

मग त्यांनी पंखा धरला. पिळला. उचलला.

बंद करायचं राहूनच गेलं.

पंख्याखालचा धातूचा ठोकळा वर आला आणि त्याला चिकटून प्रोसेसरही उपटून आला. पिनांसकट. तो बसतो ते बोर्डावरचं सॉकेट रिकामं झालं.

आता पडदा काळा व्हायला हवा होता. प्रोसेसरशिवाय कॉम्प्युटर काहीच दाखवू शकत नाही. कुणालाही विचारा.

पण...

पडदा चालूच होता.

कोऱ्या पानावर कर्सर लुकलुकत होता. काकांच्या हातात पंखा फिरत होता.

मग कर्सर हलला. पुढे सरकला... सरकत गेला... थांबला.

अक्षर एकही उमटलं नाही.

आणि टेबलाखाली...

टक.

काकांनी वाकून पाहिलं. पेडल होतं तिथेच होतं. त्याची वायर काढून, गुंडाळून, वर रबर लावलेलं. ताईनेच ते आवरून ठेवलं होतं.

कर्सर पुन्हा सरकला. दोन ओळी.

टक.

“भीती नाही वाटली?” मी नंतर विचारलं.

“नाही रे. बरं वाटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं.”

काका तसेच बसून राहिले. ठोकळा हातातच.

ऊन उतरल्यावर ताई परतली. दारातच तिला करपल्याचा वास आला. आत कोरी पानं एकामागून एक सरकत होती. टेबलाखालचा आवाज तिनेही ऐकला. पण तिचं लक्ष गेलं ते काकांच्या तळहाताकडे.

तो भाजून निघाला होता. फोड येऊन फुटले होते. काकांना पत्ताच नव्हता.

“बाबा, सोडा ते.”

“थांब जरा. ती काम करतेय.”

ताईने भिंतीतली वायर उपटली.

सगळं थांबलं. पंखासुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिने रिपेअरवाल्याला घरी बोलावून दुसरा प्रोसेसर बसवून घेतला. बोर्डाला काही झालं नाही, नशीब तुमचं, असं तो म्हणाला. बाकीचं त्याला कुणी सांगितलं नाही.

कॉम्प्युटर आता झकास चालतो. ताई पास झाली, नोकरीची कामंही त्यावरच करते. त्या घरात पुन्हा कसलाही आवाज झाला नाही.

जुना प्रोसेसर मात्र काकांनी ठेवून घेतला. वाकलेल्या पिना सुईने एकेक करून सरळ करत बसायचे. हाताची जखम भरली, पण त्या तळहाताला आता गरम-गार कळत नाही.

परवा त्यांचा फोन आला. कित्येक दिवसांनी आवाजात जीव होता.

“सगळ्या पिना सरळ झाल्या बघ. आता फक्त तसला जुना बोर्ड हवाय. ताईच्या कॉम्प्युटरला ती हात लावू देत नाही, आणि रिपेअरवाल्याकडे संपलेत. तुझ्याकडे आहे का?”

माझ्याकडे आहे. माळ्यावर धूळ खात पडलाय.

मी नाही म्हणालो.

“शोध जरा,” काका म्हणाले. “काम अर्धवट राहिलंय रे तिचं. खोळंबली असेल.”

काल पुन्हा त्यांचा फोन आला. मी उचलला नाही. ताईला सगळं सांगावं, की माळ्यावर चढून बोर्ड काढावा, माझं अजून ठरत नाहीये.