पंचवीस व्होल्ट

"चोरी झालीय," वांडा कुलिक म्हणाली, "आणि चोर माझ्यासमोर उभा आहे."

समोर एमिल उभा होता. शिकागोच्या त्या पिनबॉल हॉलमधली यंत्रं तो तीस वर्षं दुरुस्त करत होता. खेळायला आलेली वीसेक माणसं वळून पाहू लागली. एमिलच्या हातात व्होल्ट मोजायचा मीटर होता.

एमिलनं बोलावलेल्या लोरेन सिकोरानं कोट काढला. गुप्तहेरगिरीचं ऑफिस उघडण्याआधी तिनं एकोणीस वर्षं कारखान्यात याच यंत्रांचे दांडे हलवणाऱ्या तारेच्या कॉइली गुंडाळल्या होत्या. तिच्यासोबत आलेला डेझमंड निवृत्त बस ड्रायव्हर. त्याला यातलं काही कळत नव्हतं, आणि तो ते लपवतही नव्हता.

"गेलंय काय नक्की?" लोरेननं विचारलं.

"या 'लेक क्वीन' यंत्राचा ट्रान्सफॉर्मर! यानं अस्सल काढून विकला आणि भंगार बसवलंय. गुरुवारपासून फ्लिपर मेलेत. मी बुधवारी सकाळी मिलवॉकीला बहिणीकडे गेले, काल रात्री परतले. तेवढ्यात साधलं यानं. दोन वाजता स्पर्धा आहे!"

"मी काही काढलं नाही," एमिल म्हणाला. "कॉइलीवर मीटर लावा, पंचवीस व्होल्ट. पुरे पंचवीस! बॉल मारायला जा, जीवच नाही. तीन दिवस डोकं फिरलंय माझं."

"फ्यूज पाहिलास?"

"फ्यूजच्या पुढे पंचवीस येतंय म्हटल्यावर फ्यूज कशाला काढू?"

लोरेन मीटर घेऊन यंत्राखाली वाकली. "डेझमंड, डावं बटण दाब आणि दाबूनच धर."

फ्लिपर, म्हणजे बॉल परतवणारा तो छोटा दांडा, अर्धवट उचलला आणि थरथरत राहिला.

"अकरा," ती खालून म्हणाली. "दिवे मंदावले का रे?"

"नाही. आहेत तसेच आहेत. पण आता पंचवीस होते ना? ते अकरा कसे झाले?"

"सोड बटण."

"पुन्हा पंचवीस झाले?"

"झाले."

डेझमंडनं कपाळावर हात मारला. "म्हणजे वीज आहे, पण लागली की नाही!"

"आज पहिल्यांदा बरोबर बोललास," लोरेन म्हणाली.

यंत्रावरच्या भिंतीवर पाटी होती: स्टॅन कुलिक, ६८७४. वांडाचा नवरा. तो वारून सहा वर्षं झाली होती, पण त्याचा विक्रम बावीस वर्षं टिकून होता. पाटीखाली एक लाल केसांची बाई च्युइंगम चघळत उभी होती. मिज टॉलिव्हर.

"गेल्या शनिवारी सहा हजार आठशेवर गेले होते मी," ती म्हणाली. "आज पाटी उतरवणार होते. या असल्या फ्लिपरवर हजारसुद्धा होणार नाहीत. एक सांगू? हे यंत्र खेळताना जळका वास येतो. कागद जळल्यासारखा."

"एमिलवर संशय आहे तुझा?"

"एमिलवर? अहो, तो या यंत्राशी बायकोपेक्षा जास्त बोलतो."

काउंटरवर स्टॅनचा भाऊ लेनर्ड होता. जाडजूड, मवाळ, ॲप्रनला सारखे हात पुसणारा. डेझमंडनं टोस्ट मागितला, तर त्यानं नुसता पाव आणि सॉसेज पुढे ठेवलं.

"टोस्टर बुधवारी संध्याकाळी गेला," लेनर्ड म्हणाला. "तार जळली आतली."

"यंत्राच्या मागच्या दाराची किल्ली कुठे असते?" लोरेननं विचारलं.

"ती काय, खिळ्याला. कोणीही घ्यावी. मला विचारू नका बाई, विजेतलं मला ओ की ठो कळत नाही. मी पाव भाजतो."

लोरेननं टोस्टर उचलला, उलटा केला, आत डोकावली आणि खाली ठेवला. डेझमंडला वाटलं, बिचारीला भूक लागली असावी.

"माझ्यातला अर्धा पाव घे," तो म्हणाला.

"नको. सगळ्यांना यंत्रापाशी बोलाव."

सगळे जमले. लोरेन शांतपणे बोलू लागली.

"ट्रान्सफॉर्मर चोरीला गेलेला नाही. दिवे आणि कॉइली, दोन्ही त्याच्यावरच चालतात. तो भंगार असता तर बटण दाबताच दिवेही मंदावले असते. ते हलले नाहीत. म्हणजे वीज निघते पूर्ण आणि कॉइलीच्याच वाटेवर कुठेतरी अडते. मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही, म्हणून त्याला पंचवीस दिसतात. कॉइल भरपूर ओढते, तेव्हाच अडथळा जाणवतो. आणि अडथळा तापतो. म्हणून जळका वास."

तिनं मागचं दार उघडून फ्यूज ओढून काढला. कागदी वेष्टण करपलं होतं. तिनं ते सोललं. आत उडालेला फ्यूज, त्याच्या दोन्ही टोकांना पिळून बसवलेली बारीक नागमोडी तार.

"टोस्टरची तार," डेझमंड पुटपुटला.

"हो. ती जळलेली नाही. टोस्टरमधली टोकं पक्कडीनं कापलेली आहेत, स्वच्छ. टोस्टर गेला बुधवारी संध्याकाळी, यंत्र गुरुवारी. वांडा तेव्हा मिलवॉकीत होती. मिजला आजच जिंकायचं होतं. एमिलनं हे केलं असतं तर त्यानं तीन दिवस डोकेफोड केली नसती, आणि मीटर मला बोलावून दाखवला नसता. तार जळली असं खोटं सांगणारा एकच माणूस आहे."

लेनर्डनं ॲप्रनला हात पुसले. मग पुन्हा पुसले.

"स्टॅनचं नाव आता या एकाच भिंतीवर उरलंय," तो म्हणाला. "मला वाटलं, आजचा दिवस टळला की झालं. एमिलवर येईल असं वाटलं नव्हतं, वांडा. देवाशपथ. आणि आल्यावर... तोंडच उघडेना."

वांडा एमिलकडे वळून हळूच म्हणाली, "चुकले मी."

"ऐकू आलं नाही," एमिल म्हणाला. "चोर म्हणालीस तेव्हा रस्त्यापर्यंत ऐकू गेलं होतं."

वांडाचा चेहरा लाल झाला. ती खुर्चीवर चढली. "एमिलनं काही चोरलं नाही! मी खोटं बोलले! ऐकलंत सगळ्यांनी?"

एमिलनं खिशातून नवा फ्यूज काढून बसवला. बटण दाबलं. फ्लिपर असा कडाडला की डेझमंड मागे सरकला.

दोन वाजता मिज खेळायला उभी राहिली. आकडे घंटी वाजवत चढत गेले, सहा हजार, सहा हजार पाचशे. शेवटचा बॉल दोन फ्लिपरच्या मधून सरळ खाली गेला. एकशे नव्वद गुण कमी पडले.

"पुढच्या शनिवारी येते," मिज हसून म्हणाली.

काउंटरमागे लेनर्ड ॲप्रनमध्ये तोंड लपवून रडत होता. पाटी वाचली म्हणून की शरमेनं, ते डेझमंडला कळेना. त्यानं लोरेनला विचारायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि जाऊन लेनर्डशेजारी नुसता उभा राहिला.