लोखंडी भोपळ्यातला आवाज

"मावशी, थांब! गाडी थांबव! आत्ताच्या आत्ता!"

मावशीनं कचकन ब्रेक दाबला. भाजीची पिशवी कलंडली, टोमॅटो सीटखाली पळाले, बंडलचं डोकं छताच्या दांडीवर आपटलं, आणि पुढच्या सीटवर पेंगणारा मामा "काय झालं? कुणाला उडवलं?" म्हणत ताडकन जागा झाला.

"आवाज!" कानसेन म्हणाली. "आमच्या सीटखाली! घूंऽऽऽ असा! गाडी थांबली आणि बंद झाला!"

"गाडी थांबल्यावर गाडीचा आवाज बंद झाला!" मामानं टाळ्या वाजवल्या. "काय शोध लावलाय पोरीनं! वर्तमानपत्रात द्यायला हवा!"

बंडल आणि शेपूट खो खो हसले. कानसेनचे कान लाल झाले.

तिला कानसेन हे नाव या दोघांनीच ठेवलं होतं. शेजारच्या खोलीत कुणी बिस्किटाचा पुडा उघडला तरी तिला कळायचं. सुटीत ती मावशीकडे राहायला आली, आणि पहिल्याच आठवड्यात "गॅस गळतोय! शिट्टीसारखा आवाज येतोय!" म्हणून तिनं अख्खं घर अंगणात काढलं. शोधता शोधता कळलं, शिट्टी झोपलेल्या मामाच्या नाकात वाजत होती! तेव्हापासून तिनं काहीही ऐकलं की घरातले सगळे आधी हसायचे. बंडल हा मावशीचा मुलगा, थापा मारण्यात पटाईत. शेपूट त्याची धाकटी बहीण. ती या दोघांच्या मागे सतत असायची, म्हणून शेपूट.

"जाड नक्षीचे टायर आहेत आपल्या जीपला," मामा म्हणाला. "चिखलात नि दगडात चालणारे. ते रस्त्यावर घुमणारच. आणि गॅरेजवाल्या उस्तादनं परवाच मागच्या चाकांमधलं ऑइल तपासलंय. मी होतो ना तिथं! काठोकाठ आहे."

"मग ठीक आहे," मावशी घड्याळाकडे बघत म्हणाली. मावशी डॉक्टर होती, आणि तिचा दवाखाना पुढच्याच वळणावर होता. "उद्या सकाळी मला घाट चढायचाय. वरच्या वाडीतली बाळं लसीसाठी खोळंबली आहेत. आज दिवसभर माझ्या डोक्याला आणखी काही लावू नका."

घाट! तो रस्ता कानसेननं पाहिला होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे जेमतेम एका गाडीपुरती वाट. मावशी त्यावरून एकटी जाणार होती, आणि गाडीच्या पोटात काहीतरी रडत होतं.

मावशी दवाखान्यापाशी उतरली. मामा स्टिअरिंगवर बसला आणि त्यानं पहिल्यांदा काय केलं? रेडिओ मोठा केला!

"आवाज येतोय ना तुला? घे. आता येतोय का? गेला की नाही!"

असा हा मामा! कानसेन रडायच्या बेतात आली. तिनं बंडलचा दंड घट्ट धरला.

"हसायचं तर हस, पण एकदा ऐक. खाली वाक. सीटला कान लाव."

तिचा चेहरा बघून बंडल हसला नाही. वाकला. मग त्याच्या भुवया वर गेल्या.

"आयला! आहे की! इथं खाली दोन्ही चाकांच्या मधोमध तो लोखंडी भोपळा असतो बघ, डिफरन्शियल. इंजिनाची ताकद त्यातूनच मागच्या चाकांकडे जाते. आत दातेरी चाकं असतात, तेलात बुडालेली. ही थाप नाही हं, आमच्या शाळेत कापून ठेवलाय एक."

"आणि तेल नसलं तर?"

"मग दातावर दात घासणार. तापणार. आणि एखाद दिवशी..."

"बोल ना!"

"आतलं सगळं जाम होऊ शकतं. मागची चाकं चालत्या गाडीत जागच्या जागी अडकतात."

घाटात? वळणावर?

"पण मामा म्हणतो तसा टायरचाही असेल," बंडल म्हणाला.

"टायरचा असेल तर रस्ता बदलला की आवाज बदलायला हवा! पुढे खडबडीत गल्ली आहे, मग नवा गुळगुळीत पूल. पण हा रेडिओ..."

"रेडिओचं माझ्यावर सोपव," शेपूट म्हणाली. तिनं गाल फुगवले, डोळे फिरवले आणि कण्हली. "मामाऽऽ, मला मळमळतंय!"

"अगं नको! नवी सीट कव्हरं आहेत!" मामानं चटकन रेडिओ बंद केला, काच खाली केली, आणि गाडी अगदी सांभाळून चालवू लागला.

खडबडीत गल्लीत खडखडाट होता, पण त्याच्या खाली घूंऽऽ होताच. पूल लागला. खडखडाट थांबला. घूंऽऽ मात्र तसाच! त्याला रस्त्याचं काही घेणंदेणंच नव्हतं.

"मामा," बंडल मधाळ आवाजात म्हणाला, "ही म्हणते, मावशी तुझ्यापेक्षा अलगद गाडी चालवते."

"कोण म्हणतं?"

"मी म्हटलं, मामानं ठरवलं तर पुलाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलेल, नुसत्या वेगावर गाडी नेईल, पुन्हा हळूच दाबेल, आणि आम्हाला पत्तासुद्धा लागणार नाही!"

"अरे, हे तर मी डोळे मिटून... म्हणजे डोळे उघडे ठेवूनच करतो!"

मामानं पाय उचलला. घूंऽऽ एकदम खाली बसला. मामानं पाय दाबला. घूंऽऽ! पुन्हा उचलला, गप्प. पुन्हा दाबला, घूंऽऽ! टायरला कुठून कळणार मामाचा पाय कधी उठला नि कधी बसला?

"भोपळाच आहे," बंडल कुजबुजला. आता त्याचाही चेहरा उतरला होता.

दोघांनी मिळून मामाचं इतकं डोकं खाल्लं, की तो वैतागून म्हणाला, "चला उस्तादकडे! एकदाचा सोक्षमोक्ष लावू. पण तिथं ऑइल भरलेलं निघालं, तर सुटी संपेपर्यंत आवाज हा शब्द काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," कानसेन म्हणाली.

मामानं गाडी वळवली. उस्तादचं गॅरेज दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत होतं. रस्त्यापासून शेडपर्यंत अंगण चढत गेलेलं. मामानं जीप नाकासमोर आत चढवली आणि मागच्या चाकांना दगड लावले. उस्ताद पाना घेऊन मागच्या बाजूनं गाडीखाली सरकला. भोपळ्याच्या पाठीवर एक बूच होतं, ते त्यानं सोडवलं. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला, आणि भोकातून काळ्या तेलाची बारीक धार खाली आली.

"बघा! भोकापर्यंत तेल असलं की टाकी फुल्ल. काठोकाठ!" उस्तादनं बूच बसवलं. "टायर घुमतात, दुसरं काही नाही."

"ऐकलंस?" मामा म्हणाला, आणि दोघं चहा प्यायला शेडमध्ये गेले.

कानसेन दगडावर मटकन बसली. तेल तर आलं होतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग कान खोटे बोलत होते का? आणि खोटे नसतील तर? उद्या मावशी त्या वळणावर... तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

"ए, रडू नको ना," शेपूट म्हणाली. "पाणी पी." तिनं बाटलीचं झाकण काढलं, पण बाटली हातातून सटकली आणि उतारावर आडवी झाली. भळभळ पाणी सांडलं. "अगं बाई! अर्धीच तर होती, तरी तोंडातून कशी सांडली?"

"आडवी पडली म्हणून," बंडल म्हणाला. "तोंड उताराकडे आलं ना."

कानसेन रडायची थांबली. तिनं बाटलीकडे पाहिलं. मग अंगणाकडे. मग नाक वर आणि पाठ खाली करून उभ्या असलेल्या जीपकडे.

"बंडल! ते भोक भोपळ्याच्या मागच्या बाजूला आहे ना?"

"हो, मग?"

"अरे, गाडी उतारावर आहे! आतलं सगळं तेल मागे गोळा झालंय! निम्मं असलं तरी भोकातून येणार!"

बंडलनं कपाळावर हात मारून घेतला. कानसेन शेडमध्ये धावली. एका दमात सगळं सांगितलं. उस्ताद हसला नाही, चिडला!

"आता पोरं मला शिकवणार? सगळ्या गाड्या मी याच जागेवर तपासतो. आजवर कुणी बोललं नाही!"

"कबूल म्हणाली होतीस," मामानं आठवण करून दिली.

कबूल तर कानसेननंच केलं होतं. पण उद्याचा घाट काही त्यासाठी थांबणार नव्हता. शेपूट केव्हाच दवाखान्याकडे पळाली होती. थोड्या वेळात ती मावशीचा हात ओढत आली.

"काय चाललंय इथं? माझे पेशंट बसलेत!"

"मावशी, मला भीती वाटते गं," कानसेन म्हणाली. पुढचं बोलणं हुंदक्यातच आलं. "तू मला हस, रागाव, पण उद्या जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, गाडी सपाट रस्त्यावर तपास!"

मावशीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग मामाकडे हात पुढे केला. "किल्ली."

"अगं, पण उस्ताद म्हणतो..."

"पेशंट दुखतंय म्हणाला, तर मी आधी तपासते. हसायचं असलं तर नंतर हसते. किल्ली दे."

जीप मागे घेऊन सपाट रस्त्यावर उभी राहिली. उस्ताद धुसफुसत खाली सरकला. बूच सुटलं. सगळे वाकून बघत होते.

एक थेंब आला नाही.

उस्तादनं भोकात बोट घातलं, मग आणखी आत घातलं. बोट कोरडं बाहेर आलं. त्यानं तार वाकवून आत सोडली. तिच्या टोकाला काळं तेल लागलं होतं, आणि त्या तेलात लोखंडाचा चुरा चमचम करत होता. उस्तादच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "ही गाडी घाटात नेऊ नका."

मामा फुटपाथवर बसला. मावशीनं कानसेनला जवळ ओढलं.

"पण तेल गेलं कुठं?" बंडलनं टॉर्च मारला. भोपळ्याच्या पुढच्या तोंडाशी, जिथं इंजिनाकडून येणारा दांडा आत शिरतो, तिथं ओली काळी धूळ थापली होती. तिथलं रबरी सील फाटलं होतं, आणि चालत्या गाडीतून तेल थोडं थोडं उडून जात होतं.

"उद्या माझी पिकअप घेऊन जा," उस्ताद म्हणाला. "तिचं ऑइल मी स्वतः... " आणि तो थबकला. "तेही मी याच अंगणात तपासलंय!"

पिकअप ढकलून रस्त्यावर आणली. बूच उघडताना सगळ्यांनी श्वास रोखला. तेल बाहेर आलं, खरोखरचं काठोकाठ! मग उस्ताद फोन घेऊन बसला, आणि ज्यांच्या ज्यांच्या गाड्या त्या उतारावर तपासल्या होत्या, त्यांना एकेक करून बोलवू लागला. "हो, माझीच चूक झाली. सपाटीवर तपासतो. गाडी हळू आणा," असं तो प्रत्येकाला सांगत होता.

सकाळी मावशी पिकअपनं घाट चढली. चालवायला मामा होता, आणि पिकअपच्या रेडिओचं बटण शेपूटच्या खिशात! मुलं दिवसभर गॅरेजमध्ये होती. उस्तादनं चाकांचे दांडे ओढून काढले आणि भोपळा उघडला. पुढच्या दांड्याचं बेअरिंग पार खाल्लं गेलं होतं. त्यातले गोल रूळ खडबडीत झाले होते, आणि तेच रडत होते.

"आणखी एक घाट निघाला नसता यातून," उस्ताद हळूच म्हणाला. "दाते मात्र वाचले."

नवं बेअरिंग बसलं, नवं सील बसलं. दातांना पिवळा रंग फासून उस्तादनं चाक हातानं फिरवलं. दातावर दात नेमका कुठं टेकतो ते त्या रंगात उमटलं, अगदी मधोमध! मग जीप सपाट रस्त्यावर नेऊन भोकापर्यंत तेल भरलं. कानसेनचं मात्र अर्धं लक्ष घाटाकडे होतं. संध्याकाळी पिकअपचा हॉर्न तिनं सगळ्यांच्या आधी ऐकला, आणि ती धावत सुटली.

"झाल्या लसी! सगळ्या बाळांनी गाव डोक्यावर घेतलं!" मावशी उतरता उतरता म्हणाली. मामानं कान पकडले. "कानसेनबाई, चुकलो. पुन्हा तुमच्या कानांना नावं ठेवली तर मलाच उतारावर उभं करा!"

"उद्यापासून आधी गाडी सपाट रस्त्यावर, मग पाना," उस्ताद म्हणाला. "आणि जमेल तेव्हा या पोरीला मागच्या सीटवर बसवून एक चक्कर. मी आवाज ऐकलाच नव्हता, बाई. हिनं ऐकला म्हणून वाचलो सगळे."

पुढच्या आठवड्यात वाडीतून पुन्हा निरोप आला. या वेळी जीप होती, आणि मुलंही बरोबर निघाली. पूल ओलांडल्यावर घाटाच्या तोंडाशी मावशीनं गाडी बाजूला घेतली. पुढे कडा, दरी आणि ती अरुंद वाट. मावशीनं मागे वळून पाहिलं. ती हसत नव्हती, अगदी मनापासून विचारत होती.

"कानसेन, निघू?"

कानसेननं डोळे मिटून आत्ताच ओलांडलेला पूल आठवला. रेडिओ बंद होता, मावशीचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, तरी चाकांची सरसर तेवढी होती, आणि त्या सरसरीखाली काहीच रडलं नव्हतं.

"निघ, मावशी," ती म्हणाली.