पिकअपचं तेल गेलं कुठे?

"मी तेल चोरलं न्हाई, ताई," पुंजाराम म्हणाला. "पण मालक संध्याकाळी पोलिसात जाऊन राह्यले. एकदा चोर ठरलो की जिल्ह्यात कुणी मला स्टेअरिंग देणार न्हाई."

अरुंधती जालन्यात खासगी तपास करत असे. त्याआधी बावीस वर्षं विम्यासाठी मोडक्या गाड्या तपासून तिचा माणसांवरचा विश्वास उडाला होता, यंत्रांवरचा मात्र टिकून होता. तिचा सहकारी केशव वही बाळगे आणि तिच्यात बहुतेक चुकीचं लिही.

पुंजाराम कुंभार पिंपळगावच्या भुजंगरावांच्या डिझेल पिकअपवर ड्रायव्हर होता. खंडेनवमीला गाडीचं ऑइल आणि ते गाळणारा फिल्टर बदलला. चौथ्या दिवशी मोसंबी भरून निघताना त्याने तेल मोजायची दांडी काढून पाहिली, तेल बराबर होतं. घनसावंगीच्या पुढे स्टेअरिंगसमोर तेलाचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम झालं. आत तेल नव्हतंच.

"विकलं असणार," केशवने वाटेतच निकाल दिला.

"मग परत फिरू या का?" अरुंधतीने विचारलं. केशवने वही मिटली.

पिंपळगावात भुजंगराव गाडीच्या शेडच्या दारातच उभे होते. मोसंबी, राजकारण, मूळव्याध, इंजिन, विषय कोणताही असो, त्यांचं भाषण तयार असे.

"फिल्टर मी सोता निवडून आणला. मेकॅनिकवर सोडलं की वाटोळं. अन् या पुंजारामनं खालचा नट ढिला करून तेल काढलं. सिंपल हाय."

"ओढून आणल्यापासून गाडीला कुणी हात लावला?"

"शेडची चावी माझ्या कमरेला असती. कुणाची बिशाद हाय?"

अरुंधती गाडीखाली शिरली. इंजिनाची एक बाजू आणि चासी तेलाने माखून वर धुळीचा थर बसला होता. मधोमध फिल्टर तेवढा नव्या भांड्यासारखा चकचकीत. तेल सोडायच्या नटावर पिवळी रेघ होती, नटावरून थेट इंजिनापर्यंत गेलेली, अखंड.

"ती माझी रेघ," बाजूला उभा असलेला मेकॅनिक राधेश्याम म्हणाला. "ऑइल भरलं की मारतो. नट केसभर हलला तरी तुटती."

"फिल्टर योग्य होता?"

"जुन्याशी जुळवून पाह्यला. आटे बराबर, रबरी रिंग बराबर. बसायची जागा पुसली, नव्या रिंगीला बोटानं तेल लावून ठेवल्ता."

"आणि बसवला?"

राधेश्यामने भुजंगरावांकडे पाहिलं. "मंग पूजा झाली."

"हे बघा की!" भुजंगरावांनी अभिमानाने मोबाइल पुढे केला. फोटोत ताटामध्ये फिल्टर उताणा, रिंग वर. हळद, कुंकू, मूठभर अक्षता. पुढच्या फोटोत कडक इस्त्रीतले भुजंगराव स्वतः फिल्टर आवळत होते, तोंड कॅमेऱ्याकडे.

अरुंधतीला त्या हसऱ्या तोंडाची किळस आली.

"केशव, तेल नटातून काढलं असतं तर?"

"रेघ तुटली असती," केशव सावकाश म्हणाला.

"आणि इंजिनाची बाजू माखली नसती. तेल फिल्टरपासून उडालं. मग सगळं माखलेलं असताना फिल्टरच कोरडा कसा? नंतर कुणीतरी तो पुसला. शेडची चावी कुणाकडे, ते आपण ऐकलंच. राधेश्याम, फिल्टर काढा."

राधेश्यामने तो फिरवून काढला. रिंगीत लालसर तांदळाचा चुरा रुतलेला होता.

"तेल लावलेल्या रिंगीला अक्षता चिकटल्या," अरुंधती म्हणाली. "दाणे तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी भरल्या गाडीत दाब वाढला, दाणा चुरला, फट पडली आणि काही मिनिटांत सगळं तेल बाहेर. पुसले का नाहीत दाणे?"

"मी फडका घेतल्ता," राधेश्याम पुटपुटला. "मालक म्हणले, पूजेच्या अक्षता पुसायच्या न्हाईत."

"पूजेचं काही चुकलं नाही. स्टेअरिंगला हार घाला, बॉनेटवर नारळ ठेवा. पण भुजंगराव, फोटोपुरते तुम्ही मेकॅनिक झालात आणि इंजिन गेल्यावर पुन्हा मालक झालात. फिल्टर ओला दिसला तेव्हाच तुम्हाला सगळं कळलं होतं. ते पुसून तुम्ही या माणसाला चोर ठरवायला निघालात. मी पुष्कळ चोर पाहिलेत. ते बरे."

भुजंगरावांचा चेहरा उतरला. "तांदूळच हलका निघाला," ते म्हणाले. मग पुंजारामकडे वळून हळूच, "जाऊ दे. चुकून झालं. उद्यापासून ये कामावर."

"इथं नका म्हणू," पुंजाराम म्हणाला. "भाईर म्हणा."

बाहेर चोराला नेताना बघायला निम्मा गाव जमला होता. भुजंगराव दारात गेले, घसा खाकरला.

"पुंजारामनं तेल चोरलं न्हाई."

"मंग गेलं कुठं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

भुजंगरावांनी कमरेची चावी चाचपली. पुंजाराम त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि उत्तराची वाट पाहू लागला.