मुलगी, एक

परदेशात सुट्टीसाठी घर भाड्यानं घ्यायचं म्हणताय, तेही चार महिने आधी, म्हणून माझ्याकडे आलात. बरं केलंत. तीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीची पाहणी केली मी, न बघता कशावर सही केली नाही. आमची ही तर म्हणते, ह्यांनी माझा पंचनामा करूनच मला हार घातला. तेव्हा लिहून घ्या. घर खरंच आहे का ते चालू कॅमेऱ्यावर फिरवून दाखवायला सांगा. करार लेखी हवा. आधी तिथे राहून गेलेल्या माणसाशी बोला. आणि आत शिरताना सामानाची यादी देतात, तुम्हाला तर आधीच पाठवलीय म्हणता, ती... यादीचं जरा थांबा. इकडे सरकून बसा, सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही दोघं तिकडे परदेशात लेकीकडे गेलो होतो. लेक-जावई नोकरीत बुडालेले आणि नातीला सुट्टी लागलेली. सात वर्षांची पोर, घरात सगळे तिला चिंगी म्हणतो. लेकीनं आधीच फोनवर सांगितलं होतं, "बाबा, पंधरा दिवस तिला घेऊन जा कुठेतरी. तुमच्याजवळ असली की मला घोर नाही." त्यासाठीच मी तळ्याकाठचं एक लाकडी घर आधीपासून ठरवून ठेवलं होतं. किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईंनी फोन हातात धरून सगळ्या खोल्या दाखवल्या होत्या. आधीच्या भाडेकरूलाही मी गाठलं. तो एवढंच म्हणाला, "घर चांगलं आहे. यादी नीट बघा." मला माणूस आवडला.

भरदुपारी पोचलो, पण धुक्यानं संध्याकाळ करून टाकली होती. तळं दिसत नव्हतं, काठाला पाणी चुळुकचुळुक वाजत होतं तेवढंच. दार उघडताच ओल्या लोकरीचा वास आला. बाई उंच, करड्या स्वेटरमधल्या, अबोल. त्यांनी यादी पुढे केली. भाषा तिथली, म्हणून मी कागदावर फोन धरला आणि पडद्यावर मराठी उमटू लागली. खुर्च्या, सहा. पातेली, चार. आरसा, एक, कोपऱ्यात तडा. तड्याचा मी फोटो काढला. एकेका वस्तूवर खूण करत शेवटच्या ओळीवर आलो.

वरची खोली. पलंग, एक. मुलगी, एक.

ही खुदकन हसली. "अहो, पोरसुद्धा घराबरोबर मिळते की काय इथे?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वर बोट दाखवलं, मग एक बोट उभं धरलं. वर छोटी पावलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत होती.

"आपली चिंगी मोजलीय गं. राहणारी माणसं लिहितात कधी कधी."

"मग आपण दोघं कुठे आहोत त्यात? नीट विचारा ना."

"सगळंच काय विचारायचं," असं म्हणून मी खूण केली आणि सही ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा, वर न जाता.

पेन खाली ठेवतोय तोच बाहेरचं दार ढकलून चिंगी आत आली. बूट चिखलानं माखलेले, मुठीत तळ्याकाठचे खडे. वरची पावलं थांबली.

मी जिना चढून गेलो. पलंग होता, खिडकी होती, दुसरं काही नाही. खाली येईपर्यंत बाई यादी घेऊन निघून गेल्या होत्या. लाकडी घर आहे, उंदीर असतील, असं मी हिला सांगितलं. खरं सांगायचं तर स्वतःलाच सांगितलं.

चिंगीला रात्री आम्ही खाली आमच्यात झोपवायचो, पण दिवसा ती वर खेळायची. कान दिला की दोन आवाज यायचे. एक तिचा. दुसराही तिचाच. मी हाक मारली की एकच आवाज "ओ" द्यायचा, आणि तो कुठला ते मला कळायचं नाही.

चौथ्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, "नाना, यादीत मुली किती आहेत?"

"एक."

"मग आमच्यातली कुठली?"

 हिनं माझ्याकडे पाहिलं. बाईंना मी तेव्हाच निरोप धाडला, उद्या सकाळी घर सोडतो म्हणून.

सकाळी बॅगा दारात आल्या आणि चिंगी ओरडली, "माझी बाहुली वर राहिली!" थांब म्हणेपर्यंत ती जिन्यावरून वर पळाली. मी मागोमाग निघालो, पण या गुडघ्यांनी दगा दिला. अर्ध्या जिन्यात पोचतो तर ती खाली येतच होती, अगदी सावकाश. तिनं आपणहून माझा हात धरला. हात थंडगार होता.

"बाहुली?"

"राहू दे तिला..."

बाई आल्या. खुर्च्या, पातेली, आरशाचा तडा, सगळं त्यांनी मोजलं. मग त्या वर गेल्या. बराच वेळ खाली आल्या नाहीत. मी पोरीचा हात घट्ट धरून उभा होतो, तो एकदाही सोडला नाही. खाली येऊन बाईंनी एक बोट उभं धरलं, शेवटच्या ओळीवर खूण केली आणि पहिल्यांदाच हसल्या. सगळं जागेवर होतं.

गाडी वळताना हिनं मागे, वरच्या खिडकीकडे पाहिलं. "अहो..." एवढंच म्हणाली. काय पाहिलं ते अजून सांगत नाही.

लेक खूश आहे. "बाबा, काय जादू केलीत? आता हट्ट नाही, रडणं नाही, ताटात काही टाकणं नाही." जाण्याआधीचे आणि आल्यानंतरचे चिंगीचे फोटो माझ्याकडे आहेत. दोन फोटो शेजारी ठेवून फरक शोधायचा, हेच तर माझं काम होतं. अजून ठेवलेले नाहीत. भीती वाटते.

काल फोन आला होता तिचा. "नाना, या सुट्टीत परत त्याच घरी जाऊया ना?"

"का गं?"

"चिंगी वाट बघत असेल."

मागे लेक हसत होती, तिला ती पोरीची थट्टा वाटली. मी फोन ठेवला. आणा, तुमची यादी बघू इकडे.