वीस मिनिटांचा ट्रॅक्टर

"फट्... फट्... फुस्स!"

मैदानाच्या बरोब्बर मधोमध तो लाल ट्रॅक्टर बंद पडला.

"बसला! बसला!" कठड्यावरून कृणाल ओरडला. "सगुणा, किती?"

"वीस मिनिटं!" सगुणानं घड्याळात बघून सांगितलं आणि वहीत लिहिलं. "काल एकोणीस, परवा एकवीस. एवढा वेळेचा पक्का तर आमच्या शाळेचा शिपाईपण नाही!"

दोघं खो खो हसली. नीलम मात्र हसली नाही. कशी हसणार? ट्रॅक्टरवर तिचे पप्पा बसले होते.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे हं! सीटवर बसून चालवायचं, पोटाखाली पाती फिरणारं, गवत कापायचं मशीन. पण बोरिवलीच्या केवडाबाग वसाहतीत त्याला सगळे ट्रॅक्टरच म्हणत. नीलमचे पप्पा, म्हणजे भीमराज, अकरा वर्षं इथलं मैदान सांभाळत होते. कृणाल याच वसाहतीतला. सगुणा गोराईची, कोळ्यांची पोर, दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे आलेली. मैदानात गुडघाभर गवत, त्यामुळे क्रिकेटची वाट लागलेली. मग करणार काय? ट्रॅक्टर किती मिनिटं चालतो ते मोजत बसायचं!

तेवढ्यात वसाहतीचे सेक्रेटरी माणिकराव तरातरा आले.

"भीमराज! पुन्हा? दसऱ्यापर्यंत मशीन झकास चालत होतं. आत्ताच काय झालं? पेट्रोलमध्ये भेसळ करतोस की काय?"

"नाही साहेब. मेकॅनिक म्हणाला..."

"मेकॅनिक म्हणाला इंजिन बदला! तीन मिनिटं बघितलं न् बदला म्हणे! ते काही नाही. परवा सकाळी कंत्राटदाराचा माणूस येतोय. त्याच्यासमोर सगळं मैदान एका दमात कापून दाखव. नाहीतर मैदान त्यांच्याकडे आणि तू घरी!"

फिरायला आलेल्या चार माणसांसमोर हे असं बोलून माणिकराव निघूनही गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला!   पप्पांनी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं. अर्धी टाकी भरलेली होती. झाकण लावलं, चावी फिरवली, आणि ट्रॅक्टर धडधडत सुरू!

"घ्या! आता कसा चालला?" कृणालनं डोळे मोठे केले.

"तेच शोधायचं," नीलम म्हणाली. "परवाच्या आत."

दुपारी ट्रॅक्टर थंड झाल्यावर तिघं अवजारांच्या खोलीत पप्पांना जाऊन चिकटली. पप्पांनी आधी नाही म्हटलं, मग हसले, मग पाना हातात घेतला. हवेचा फिल्टर काढला तर त्यात गवताचा भुसा! तो झटकला. प्लग काढून पुसला. पुन्हा चालवून बघितलं.

वीस मिनिटं. फुस्स!

"पेट्रोलात पाणी असेल," सगुणा म्हणाली. "बोटीचं इंजिन आचके द्यायला लागलं की बाबा पहिलं डिझेल काचेच्या बाटलीत काढतो आणि ठेवून देतो. पाणी असलं तर खाली बसतं, लगेच दिसतं."

"पेट्रोलला तुम्ही हात लावायचा नाही," पप्पांनी बजावलं. इंजिन निवल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं थोडं पेट्रोल बाटलीत काढलं, घट्ट बूच लावलं आणि बाटली सावलीत ठेवली. सकाळी तिघांनी नाक लावून तळ बघितला. पाणी नाही, कचरा नाही, काही नाही!

"भेसळबिसळ काही नाही!" नीलम जवळजवळ किंचाळली. "चोर सोडून संन्याशाला फाशी देतायत हे!"

"ते ठीक, पण चोर कुठाय?" कृणाल म्हणाला. हा प्रश्न मात्र रास्त होता.

त्या दिवशी नीलम कठड्यावर बसलीच नाही. ट्रॅक्टरच्या मागे दहा पावलं ठेवून चालत राहिली. विसाव्या मिनिटाला ट्रॅक्टर बसला. पप्पांनी सवयीनं झाकण फिरवलं, आणि...

स्स्स्!

"पप्पा, हा आवाज कसला?"

"कुठला आवाज?" अकरा वर्षं इंजिनाच्या धडधडीत काढलेले पप्पांचे कान. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं.

"झाकण उघडताना! हवा आत गेल्यासारखा!" नीलमनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! पप्पा, तेलाच्या डब्याला आई दोन भोकं का पाडते?"

"एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तर तेल अडतं."

"मग टाकीत हवा कुठून जाते?"

"झाकणाला बारीक भोक असतं ना, मधोमध..." पप्पांचं बोलणं तिथंच थांबलं.

कृणाल आणि सगुणाही कठड्यावरून धावत आली. चौघांनी वाकून झाकण बघितलं. मधोमध, बरोब्बर भोकावर, होता कुंकवाचा टिळा! साधासुधा नव्हे, रुपयाएवढा, तेलात कालवून अंगठ्यानं थापलेला, आता वाळून दगड झालेला. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा माणिकरावांनी स्वतः लावला होता. वर ऐटीत म्हणाले होते, "हा कुणी पुसायचा नाही! वर्षभर राहिला पाहिजे!" आणि गावभर शोधत होते खराबी! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

"सेफ्टी पिन आणा!" कृणाल उड्या मारायला लागला. "दोन मिनिटांचं काम!"

"थांब!" पप्पांनी झाकणावर हात ठेवला. "हा टिळा मी पुसणार नाही. तुम्हीपण पुसायचा नाही."

"का पण?"

"पूजा त्यांची, श्रद्धा त्यांची. आपण बौद्ध. आपल्या घरात अशी पूजा नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मी पुसला तर म्हणतील, भीमराजनं मुद्दाम पुसला. मग इंजिनाबद्दल कोण बोलणार? आणि खरं सांगू का, कुणी मनापासून लावलेलं आपण खरवडू नये."

 नीलमला पप्पांचा राग आला, आणि लगेच त्यांच्याबद्दल इतकं वाटलं, की डोळे भरूनच आले. तिनं ते बाहीनं पुसले.

"मग सोप्पंय," ती म्हणाली. "ज्यांनी लावला, त्यांनीच पुसायचा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदाराचा माणूस आला. माणिकराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून हजर. फिरायला येणारी मंडळीही थबकली.

"काका," कृणाल साखर घोळलेल्या आवाजात म्हणाला, "आज तुम्हीच चालवून दाखवा ना! तुमच्याइतकं मशीन कुणाला कळतं?"

"हं! बघा आता," म्हणत माणिकराव टुणकन चढून बसले. काय चालला ट्रॅक्टर! माणिकराव एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं सगळ्यांना टाटा करत होते.

"बघितलंस, भीमराज? चालवणारा हवा!"

"अठरा..." सगुणा पुटपुटली. "एकोणीस..."

फट्... फट्... फुस्स!

माणिकरावांचा हात हवेतच राहिला. नीलम धावत पुढे गेली. 

"काका, आता झाकण उघडा. कान देऊन ऐका."

स्स्स्!

"लावा. आणि चावी फिरवा."

ट्रॅक्टर सुरू! नीलमनं काल काय सापडलं ते आणि तेलाच्या डब्याची गोष्ट सांगितली, सगुणानं पेट्रोलची स्वच्छ बाटली आणि मिनिटांची वही दाखवली. कंत्राटदाराच्या माणसानं झाकण हातात घेऊन उलटसुलट केलं आणि हसू दाबलं.

"साहेब, पोरगी बरोबर बोलतेय. भोक बुजलंय, हवा आत जात नाही, म्हणून पेट्रोल अडतंय. इंजिनाला काय धाड भरलीय?"

माणिकरावांनी टिळ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. शेवटी खिशातून रुमाल काढला, टिळ्याला नमस्कार केला आणि तो स्वतःच्या हातानं पुसला. सगुणानं सेफ्टी पिन पुढे केली. भोक मोकळं झालं.

मग पप्पा चढले. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, तास झाला! शेवटचा पट्टा कापून झाला तेव्हा कठड्यावरून टाळ्या पडल्या.

"शाब्बास पोरांनो!" माणिकराव म्हणाले. "मेकॅनिकला जे दिसलं नाही, ते तुम्ही शोधलंत. आणि भीमराज, भेसळीचं मी चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांतच सांगतो. चूक माझी होती. कंत्राटाचा विषय संपला." मग त्यांनी विचारलं, "पण कालच कळलं होतं, तर कालच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, साहेब," पप्पा शांतपणे म्हणाले, "तर ऐकलं असतंत?"

कुंकवानं लाल झालेला रुमाल माणिकरावांनी घडी करून खिशात ठेवला.

"नसतं ऐकलं," ते म्हणाले.

 मग ते ऑफिसकडे वळले आणि दारात थांबून म्हणाले, "भीमराजभाऊ, या. मशीनला अजून काय काय लागतं, ते सगळं सांगा."

मुलं खिडकीशी पळाली. अकरा वर्षं त्या ऑफिसात पप्पा दाराशी उभे राहून बोलत आले होते. आज माणिकरावांनी समोरची खुर्ची ओढली, तिच्यावरच्या फायली उचलल्या आणि ते म्हणाले, "बसा."

पप्पांनी पँटवरचं गवत झटकलं आणि ते बसले.