तलावांचा नकाशा

"साहेब, माह्या मेलेल्या माणसाले चोर म्हणून राह्यला थो वामनराव!"

गुणाबाईंनी एक जुनं पुस्तक फौजदार लटारू मेश्रामांच्या टेबलावर आदळलं. चांदा जिल्ह्याचा इतिहास, साठेक वर्षांपूर्वी छापलेला. त्यांचे यजमान देवाजी मास्तर तीन वर्षांपूर्वी वारले. पुस्तक विकायचं, तर किंमत कळावी म्हणून बाईंनी ते मूल गावच्या वामनरावांकडे आठवडाभर ठेवलं होतं. वामनराव म्हणजे गावचे इतिहासतज्ज्ञ. परत देताना त्यांनी भर चौकात सांगितलं, की यातला जुन्या तलावांचा नकाशा मास्तरनं कधीच कापून विकला. आता ही निव्वळ रद्दी.

"देताना नकाशा होता?"

"होता ना! म्याच घडी नीट करून देल्ली."

मेश्रामांनी पुस्तक उघडलं. नकाशाच्या जागी कागदाची बारीक पट्टी उरली होती. बाकी पानांच्या कडा तपकिरी. पट्टीची कापलेली कड पांढरट. मागच्या-पुढच्या पानांना कसरीच्या किडीनं एकाच जागी भोक पाडलेलं.

दोघं थेट वामनरावांकडे गेले. ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"मेश्राम, हे तुमच्या खात्याचं काम नव्हे. ग्रंथांची पारख रक्तात असावी लागते."

असल्या रक्ताची मेश्रामांना लहानपणापासून किळस होती. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. काचेच्या चौकटीत तलावांचा नकाशा टांगला होता.

"हा कुठचा?"

"नागपूरहून आणला. गेल्या दिवाळीत."

"पुस्तकातला?"

"छे! सुटा छापलेला. घडीसुद्धा पडली नाही त्याला."

मेश्रामांनी चौकट उतरवली आणि मागची फळी काढली.

"अरे, हात काय लावता? तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"जेवढं कळते तेवढं सांगतो. पट्टीची कड पांढरी आहे, म्हणजे काप ताजा. मास्तर तीन वर्षांमागं गेले. आठवडाभर पुस्तक तुमच्याच घरी होतं. घडी पडली नाई म्हणता, मंग या नकाशाच्या चारही चतकोरांत एकेक भोक काऊन?"



मेश्रामांनी नकाशाची चौघडी केली. चारही भोकं एकावर एक आली. ती घडी पुस्तकात ठेवली, तशी पानांवरची भोकंही त्यांना जुळली.

"बंद पुस्तकात कसर आरपार गेली. घड्या तुम्ही इस्त्री फिरवून घालवल्या, पण इस्त्रीनं भोकं बुजत नाईत. नकाशा भिंतीवर लावाचा, पुस्तक रद्दी म्हणून बाईकडून फुकटात घ्याचं, अन् दोन्ही जोडून विकाचं. हेच ना?"

"मी... मी योग्य किंमत देतो, बाई."

"तुले तं पुस्तक वाळवीनं खाल्लं तरी नाई देत," गुणाबाई म्हणाल्या. "साहेब, याले ठाण्यात मंग न्या. आधी चौकात चला."

चौकात माणसं जमली. फौजदारांच्या शेजारी, खाली मान घालून, वामनराव पुटपुटले, "मास्तरांनी नव्हे, नकाशा मी कापला."

"मोठ्यानं बोल," गुणाबाई म्हणाल्या.