रंग उतरलेलं बोट

छतातून पुन्हा धडाम् आवाज आला, माझ्या टेबलावरच्या काचेच्या नळ्या थरथरल्या, आणि मग मात्र माझं डोकं फिरलं.

आमची रक्त तपासायची लॅब तळमजल्यावर आणि बरोबर डोक्यावर व्यायामशाळा. वरची मंडळी वजनं उचलायची ती उचलायची, पण खाली ठेवायची म्हणजे थेट सोडूनच द्यायची. हातातले मोजेसुद्धा न काढता मी जिना चढले.

"कोण टाकतंय वजनं?" मी दारातूनच विचारलं.

सगळ्यांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं. तो वळला... आणि मी काय बोलायचं ठरवलं होतं ते निम्मं विसरले. दाराच्या चौकटीत जेमतेम मावेल एवढा तो होता.

"मीच," तो म्हणाला. "सॉरी. खाली कोणी असतं, हे लक्षातच नाही आलं."

"खाली आम्ही असतो. लोकांच्या दंडात सुया टोचत असतो. तुमच्या या धडाममुळे माझा हात हलला तर?"

"तर... माझा हात घ्या टोचायला," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. एवढ्या थोरल्या देहाला एवढेसे कान, आणि तेही लाजतात! राग टिकवायचा म्हणून मला भिंतीवरच्या आरशाकडे बघावं लागलं. जिना उतरता उतरता मी त्याचं नाव ठेवून टाकलं, पहाड.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच हात घेऊन आला.

"उपाशीपोटीची साखर बघायची आहे. बोटावरची चालेल."

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"नाही... म्हणजे, मीच."

"बरं. आधी हात धुऊन या."

"स्वच्छ आहेत."

"माझे बाबाही असंच म्हणतात. एकदा संत्रं सोलून तेच बोट पुढे केलं. साखर आभाळाला टेकली, घरात रडारड, आणि शेवटी काय, तर बोटाला संत्र्याचा रस. मशीनला काय कळतंय, साखर आतली की बाहेरची? धुऊन या."

तो मुकाट्याने गेला. ओले हात झटकत परत आला, त्याने बोट पुढे केलं, आणि मी थबकले. बोटांच्या कडांना बारीक काळे ठिपके होते. असे ठिपके मी रोज घरी बघते, बाबांच्या बोटांवर. हा माणूस घरीही मोजत होता, आणि एकदोनदा नव्हे.

ठिपक्यांबद्दल न विचारता मी टोचलं आणि आकडा लिहून दिला. तेव्हापासून तो वरचेवर यायला लागला.

घरचं मशीन बरोबर दाखवतं का, ते ताडून बघायचंय, असं तो सांगायचा. मी म्हणायचे, "मशीन ताडायला येता, की मला?" तो म्हणायचा, "मशीनचा भरवसा बसलाय. तुमचा अजून बसायचाय." मग तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. वरून वजनं हळूच टेकवल्याचा आवाज यायला लागला, आणि तो आवाज आला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायला लागलं.

पण आकडे मला झोपू देईनात. कधी साखर चढलेली, कधी अगदी तळाला. तरण्याताठ्या, व्यायाम करणाऱ्या माणसाची साखर अशी झोके घेत नाही. एका सकाळी खुर्चीवर बसल्या बसल्या त्याच्या कपाळावर घाम डवरला, हात कापायला लागले. मी बिस्किटं त्याच्या हातात कोंबली आणि पुडा संपेपर्यंत उठू दिलं नाही. मग जिन्यात गाठून सरळ विचारलं,

"काय घेतोस तू?"

तो जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेपुरती."

"त्याने साखर चढते. मग उतरते कशाने?"

"...इन्सुलिन."

जे औषध बाबांना डॉक्टरांनी तोलूनमापून दिलंय, ज्याच्या पायी आई त्यांच्या ताटावर नजर ठेवून असते, ते हा धडधाकट माणूस दंड फुगावेत म्हणून टोचून घेत होता.

"कोणी सांगितलं?"

"कोच म्हणाले, सगळेच घेतात. मी मोजतो ना गं... बेसावध नाहीये मी."

"मोजून विहिरीत उडी मारली तरी माणूस बुडतोच."

आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंपुढे मी त्याला नेऊन उभं केलं. त्यांनी त्याला असं फैलावर घेतलं, की एवढा पहाड स्टुलावर अंग चोरून बसला. सगळं ऐकून त्याने मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र म्हणाला, "एवढी स्पर्धा होऊ दे. मग सोडतो. शाळेत मला सगळे काडीपैलवान म्हणायचे. एकदा... एकदाच त्या स्टेजवर उभं राहायचंय."

मी चिडले, रडले, बोलणं बंद केलं. पण बोलणं बंद ठेवून आकडा कसा कळणार? शेवटी मीच माघार घेतली आणि अट घातली, मोजलं की मला कळवायचं, दरवेळी. लोक एकमेकांना सकाळी फुलं पाठवतात. मला पहाटे नुसतं '९२' यायचं. त्यावर मी एक हसरा चेहरा पाठवायचे आणि मगच उठून दात घासायचे. प्रेमात पडायची ही काय रीत झाली? पण मी पडले होते, आणि सगळा वेळ जीव मुठीत धरूनच.

भीती कशाची, ते मला घरात दिसत होतं. साखर उतरली की बाबा आधी चिडतात. एरवी माशीला न दुखावणारा माणूस, पण तेव्हा आईला वाट्टेल ते बोलतात. आई उलटून बोलत नाही. साखरेचं पाणी करते, त्यांच्या हातात देते आणि समोर बसून राहते. थोड्या वेळाने बाबा ओशाळून विचारतात, "मी काही बोललो का?" आई म्हणते, "नाही हो. बोलत होती ती साखर."

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मी सभागृहाकडे निघाले होते, तेवढ्यात त्याचा आकडा आला.

'२३८.'

मी रस्त्यातच थांबले. चढलेली साखर वाईटच, पण पुढचं मला जास्त भिववत होतं. चढलेली दिसली की हा ती उतरवणार. मी फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. बंद. मग मी पळत सुटले.

स्टेजमागची खोली तेलाच्या आणि रंगाच्या वासाने कोंदली होती. स्पर्धा लांबली होती. स्टेजच्या उजेडात अंग कोरीव दिसावं म्हणून गडद तपकिरी रंग चोपडलेली माणसं जिकडेतिकडे ताटकळत उभी होती, कशालाही न टेकता, कारण टेकलं की रंग निघतो. कोपऱ्यातल्या बाकावर माझा पहाड बसला होता. पायाशी तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा पुडा आणि मधाची बाटली. स्टेजवर जाण्याआधी स्नायू भरलेले दिसावेत म्हणून ही मंडळी गोड खातात. शेजारी त्याचे कोच, आणि कोचच्या हातात भरलेली सिरिंज.

"थांबा," मी म्हणाले. "ते देऊ नका."

"साखर चढलीये, बाई," कोच शांतपणे म्हणाले. "अंग मऊ दिसेल स्टेजवर. आता याचा नंबर येईल."

"तू सांग त्यांना," मी त्याच्याकडे वळले. "सकाळी इन्सुलिन घेतलं होतंस का?"

त्याने वर बघितलं. त्याचे डोळे माझ्यावर होते आणि नव्हतेही.

"तू इथे कशाला आलीस?" आवाज त्याचाच, पण असा मी कधी ऐकला नव्हता. "जिथे तिथे नाक खुपसतेस. मोज, सांग, मोज, सांग... मला जगू देशील की नाही? कोण लागतेस गं तू माझी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला फार लागलं. खरंच, कोण लागत होते मी? त्याने कधी म्हटलं नव्हतं, मीही नव्हतं. मी वळले आणि दारापर्यंत गेले. हात कडीवर ठेवला.

आणि तिथे मला आई आठवली, हातात साखरेचं पाणी घेऊन बसलेली.

मी परत फिरले. आता नीट बघितलं. रंगाच्या थरावर घामाचे ओघळ उमटले होते. मांडीवर ठेवलेला हात थरथरत होता. बोटांना मध चिकटलेला, वर चकतीचा भुगा. त्याने हात धुतलेच नव्हते. धुणार कसा? धुतले तर रंग गेला असता.

"हे मशीन खोटं बोलतंय," मी म्हणाले. "बोटाला मध आहे. त्याची साखर चढलेली नाही, उतरलीये. ती सुई खाली ठेवा."

"आत्ता वेळ नाहीये," कोच म्हणाले. "आणि रंगाला हात लावू नका, तीन थर दिलेत..."

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. गुडघ्यावर बसले, पर्समधून मशीन काढलं आणि तळहात पुढे केला. "एक बोट दे. एकच. मग हवं ते बोल मला."

तो काहीतरी पुटपुटला. पण इतक्या सकाळींची सवय होती, बोट आपसूक पुढे आलं. मी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि ते बोट घासून काढलं. मध गेला, भुगा गेला, रंगाचे तिन्ही थर गेले. आतून त्याचं खरं बोट निघालं, कडांना काळे ठिपके असलेलं. मी पुसून कोरडं केलं आणि टोचलं. मशीन उलटे आकडे मोजायला लागलं.

'४३.'

मी मशीन कोचच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हातातल्या सिरिंजकडे त्यांनी असं बघितलं, जणू ती कोणी दुसऱ्यानेच त्यांच्या हातात ठेवली होती. मग तिच्यातलं औषध जमिनीवर सोडून दिलं.

बाबांसाठी ग्लुकोजची पुडी माझ्या पर्समध्ये कायम असते. ती पाण्यात ढवळून मी त्याच्या ओठांना लावली. "गिळ. माझ्याकडे बघ आणि गिळ." तो गिळत होता, देवाची कृपा. वरती माईकवर आवाज आला, "नंबर सतरा... नंबर सतरा, स्टेजवर या." त्याच्या कमरेला सतराचाच बिल्ला होता. त्याने उठायचा प्रयत्न केला आणि गुडघे वाकले. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने कोचनी. माईकने आणखी एकदा नंबर पुकारला आणि मग अठरा नंबरला बोलावलं. आम्ही त्याला गाडीत घातलं.

हॉस्पिटलात साखर पुन्हा घसरली आणि त्याची शुद्ध हरपली. सकाळचं इन्सुलिन अंगात होतंच. सलाईन लागलं, डॉक्टर येऊन जाऊन होते, आणि मी त्याचं ते एकच धुतलेलं बोट धरून बसले होते. बाकी सगळा माणूस तपकिरी होता, चादरसुद्धा तपकिरी झाली होती. माझ्याकडे करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मी कुठल्याशा देवाला सांगत होते, की याने मला रोज चारचौघांत बोलावं, पण बोलावं.

संध्याकाळी त्याने डोळे उघडले, यावेळी नीट. इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"मी... काही बोललो का?"

मी हसले आणि त्याच क्षणी मला रडूही आलं. आई हे दर वेळी कशी काय सहन करते, कोण जाणे.

"बोललास."

"काय?"

"विचारलंस, मी तुझी कोण लागते."

"मग... तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बोट दे."

तेवढ्यात डॉक्टर आले. काय काय घेत होतास, असं त्यांनी विचारलं. कोच खाटेच्या पायथ्याशी मान खाली घालून उभे होते. त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता, सुरुवातीपासून. शेवटी म्हणाला, "आता नाही घेणार. ना हे, ना ते." जाताना कोच त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

दोघेच राहिलो तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "हे सोडलं की सगळं उतरेल गं. दंड, छाती... परत काडीपैलवान होईन मी. मग तू..."

"मग मी काय?"

"मग बघशील का माझ्याकडे?"

इतके दिवस याच्या मनात हे होतं तर.

"वेड्या," मी म्हणाले, "मी तुझ्या कानांवर भाळले. त्यांना कुठली सुई दिली होतीस?"

ते कान रंगाखालूनही लाल झाल्याचं मला दिसलं. त्याने माझा हात घट्ट धरला. "ऐक ना... मला तुला सांगायचंय. माझं तुझ्यावर—"

"थांब."

"काय झालं?"

"दुपारी जे बोललास ते साखर बोलली, असं मी धरलंय. मग आत्ता कोण बोलतंय, ते नको कळायला?"

मी मशीन काढलं. त्याने न सांगता तेच बोट पुढे केलं आणि विचारलं, "पुसतेस ना आधी?" मी पुसलं, टोचलं. दोघंही त्या छोट्याशा पडद्याकडे बघत बसलो.

'१०४.'

"हं," मी म्हणाले. "आता बोल."

आणि तो बोलला.